विमा एजन्सीतील कारकुनी कामाचे दूरस्थीकरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विमा हा विश्वासाचा व्यवसाय आहे, असे म्हटले जाते. परंतु व्यवहारात तो तितकाच कागदाचाही व्यवसाय आहे. प्रस्तावपत्र, विमापत्र, हप्त्याची पावती, नूतनीकरणाची सूचना, दाव्याचे कागद, विमा असल्याचे प्रमाणपत्र अशा असंख्य लेखी व्यवहारांतून विमा एजन्सीचा दिवस घडत असतो. ग्राहकासमोर बसून त्याची गरज समजून घेणारा प्रतिनिधी सर्वांना दिसतो. त्याच्यामागे हे कागद सांभाळणारा कारकून मात्र सहसा कोणाला दिसत नाही. गेल्या दोन दशकांत हा कारकून एजन्सीच्या इमारतीतूनही बाहेर पडला. अमेरिकेतील एखाद्या छोट्या गावातील विमा एजन्सीचे काम आज भारतात किंवा फिलिपाइन्समध्ये बसलेली व्यक्ती संगणकाच्या साहाय्याने करते. या व्यक्तीस ‘दूरस्थ आभासी सहायक’ असे संबोधले जाते.

व्यवस्थापनशास्त्राच्या लेखनात या घटनेकडे प्रामुख्याने खर्चबचतीचे साधन म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधात तिच्याकडे इतिहासाच्या अंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. आभासी सहायक ही केवळ इंटरनेटची निर्मिती आहे काय, की विमा व्यवसायाने दीर्घकाळ चालविलेल्या श्रमविभागणीचा तो अलीकडचा टप्पा आहे, हा येथील मूळ प्रश्न होय.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती :

१) विमा व्यवसायातील कारकुनी काम निर्णयाच्या कामापासून कसे वेगळे होत गेले, याचा मागोवा घेणे.
२) हे काम कार्यालयाबाहेर व देशाबाहेर जाण्यामागील तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर कारणे तपासणे.
३) या स्थलांतरात काम करणाऱ्या व्यक्तीच्या स्थानात व संरक्षणात कोणता बदल झाला, याचा विचार करणे.

अभ्यासाची व्याप्ती मुख्यतः अमेरिका व ब्रिटन येथील विमा व्यवसाय आणि त्यांचे काम स्वीकारणारे आयर्लंड, भारत व फिलिपाइन्स हे देश यांपुरती मर्यादित आहे. विवेचन वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचे असून ते प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

१) कार्यालयाच्या आतील अंतर : लेखन आणि निर्णय यांची फारकत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमधील कामगारवर्गात अल्प हप्त्याच्या आयुर्विम्याचा मोठा प्रसार झाला. दारोदार फिरून हप्ते गोळा करणारे प्रतिनिधी आणि लाखोंच्या संख्येतील लहान विमापत्रे यांमुळे लंडनमधील मुख्य कार्यालयांत लेखनाचे काम अफाट वाढले. या वाढत्या कामासाठी प्रुडेन्शियल कंपनीने १८७१–७२ च्या सुमारास स्त्री कारकुनांची नेमणूक करण्यास प्रारंभ केला. पत्रांच्या प्रती करणे व नोंदी उतरविणे असे त्यांच्या कामाचे स्वरूप होते. या स्त्रिया सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांतील असाव्यात, अशी अट होती. त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रवेशद्वार होते आणि विवाह होताच त्यांना नोकरी सोडावी लागे.

या घटनेतील तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, नियमाने बांधता येणारे काम निर्णयाच्या कामापासून अलग काढण्यात आले. दुसरी, त्या कामासाठी सुशिक्षित परंतु कमी वेतनावर उपलब्ध असणारा नवा वर्ग शोधण्यात आला. तिसरी, हा वर्ग इतरांच्या नजरेआड ठेवण्यात आला. तेव्हा हे अंतर एकाच इमारतीतील दोन दालनांमधील होते. पुढील दीडशे वर्षांत हे अंतर वाढत गेले; तत्त्व मात्र फारसे बदलले नाही.

विसाव्या शतकात यंत्रांनी ही फारकत अधिक पक्की केली. अमेरिकन विमा कंपन्या छिद्रपत्रांच्या सारणीयंत्रांच्या मोठ्या ग्राहक होत्या. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीने १९५४ साली युनिव्हॅक संगणक घेतला. संगणकीय माहितीव्यवस्थेच्या घडणीत विमा कंपन्यांचा वाटा किती मोठा होता, हे जोॲन येट्स यांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. यंत्राला द्यावयाची माहिती एका ठरावीक साच्यात बसवावी लागे. आणि जे साच्यात बसते ते कोठेही बसून भरता येते. स्थलांतराची पूर्वतयारी अशा रीतीने स्थलांतरापूर्वीच झाली होती.

२) अमेरिकन एजन्सी पद्धती आणि नोंदवहीची मालकी

आभासी सहायकाचा प्रश्न समजून घेण्यासाठी अमेरिकेतील स्वतंत्र विमा एजन्सीचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. तेथे प्रतिनिधींचे दोन प्रमुख प्रकार आहेत. एकाच कंपनीसाठी काम करणारे प्रतिनिधी हा पहिला प्रकार. अनेक कंपन्यांची विमापत्रे विकणारी स्वतंत्र एजन्सी हा दुसरा प्रकार. या दुसऱ्या प्रकारात ग्राहकांची यादी आणि त्यांच्या विमापत्रांच्या मुदतसमाप्तीच्या तारखा ही कोणाची मालमत्ता, असा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी उपस्थित झाला. न्यूयॉर्क राज्यात १९०४ साली निकालात निघालेल्या आणि पुढे ‘याँकर्स खटला’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रकरणाने ही माहिती एजन्सीची मालमत्ता आहे, या तत्त्वास बळ दिले.

म्हणजे एजन्सीचे खरे भांडवल तिची नोंदवही होय. एजन्सी विकली जाते तेव्हा प्रामुख्याने या नोंदवहीचेच मोल केले जाते. असे असूनही नोंदवही अद्ययावत ठेवण्याचे काम मात्र कमी प्रतिष्ठेचे मानले गेले. ज्या नोंदींच्या मालकीसाठी एजन्सींनी न्यायालयात लढा दिला, त्याच नोंदी ठेवण्याचे काम शंभर वर्षांनी त्यांनी समुद्रापार सोपविले. हा विरोधाभास या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

स्वतंत्र एजन्सीपुढील एक व्यावहारिक अडचण म्हणजे प्रत्येक कंपनीचे नमुने निराळे असत. १९७० साली स्थापन झालेल्या ‘ॲकॉर्ड’ या संस्थेने विमा व्यवसायासाठी समान नमुने तयार करण्याचे काम हाती घेतले. १९८० च्या दशकात एजन्सी आणि विमा कंपन्या यांना जोडणारी संगणकीय जाळी व एजन्सी व्यवस्थापनाच्या प्रणाली प्रचारात आल्या. प्रमाणित नमुना आणि संगणकावरील धारिका या दोन गोष्टींमुळे एजन्सीतील कारकुनाचे स्थानिक ज्ञान बऱ्याच अंशी लेखी सूचनांत रूपांतरित करता येऊ लागले.

३) समुद्रापलीकडील टेबल : कॅरिबियन, आयर्लंड आणि भारत

कारकुनी काम देशाबाहेर पाठविण्याचे प्रयोग इंटरनेटच्या प्रसारापूर्वीच सुरू झाले होते. १९८३ साली अमेरिकन एअरलाइन्सने तिकिटांच्या नोंदी करण्याचे काम बार्बाडोस बेटावर नेले. अशाच केंद्रांत पुढे वैद्यकीय विम्याचे दावे नोंदविण्याचे कामही होऊ लागले. या केंद्रांतील स्त्रियांच्या जीवनाचा कार्ला फ्रीमन यांनी केलेला अभ्यास २००० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. कार्यालयासारखा पेहराव आणि कारखान्यासारखी कामाची गती यांचा संयोग त्यांनी नेमकेपणाने टिपला आहे.

न्यूयॉर्क लाइफ या कंपनीने १९८८ साली आयर्लंडमधील केरी परगण्यातील कॅसलआयलंड या छोट्या गावी दावे तपासण्याचे केंद्र सुरू केले. दाव्यांचे कागद विमानाने आयर्लंडला जात आणि त्यांवरील प्रक्रियेचे निष्कर्ष दूरसंचार वाहिनीवरून अमेरिकेत परत येत. आयर्लंडमध्ये त्या काळी सुशिक्षित तरुणांत बेकारी मोठी होती आणि शासन परकीय कंपन्यांना सवलती देत होते. लंडनच्या लेखनकक्षातील समीकरण येथे देशांच्या पातळीवर पुन्हा मांडले गेले, असे म्हणता येईल.

भारतात या कामाची पायाभरणी १९९० च्या दशकात झाली. ब्रिटिश एअरवेजने १९९६ साली मुंबईत सुरू केलेल्या केंद्रातून पुढे ‘डब्ल्यूएनएस’ ही कंपनी उदयास आली. १९९९ साली स्थापन झालेली ‘ईएक्सएल’ ही कंपनी २००१ साली अमेरिकेतील कॉन्सेको या विमा समूहाने विकत घेतली. २००२ साली कॉन्सेको दिवाळखोरीत गेली, परंतु त्याच सुमारास ईएक्सएल तिच्यापासून अलग होऊन टिकून राहिली. ब्रिटनच्या प्रुडेन्शियलने २००२ साली आपले काही काम मुंबईत हलविण्याचा निर्णय जाहीर केला. १८७१ च्या लेखनकक्षाचा आणि मुंबईतील या केंद्राचा धागा एकाच कंपनीपाशी येऊन मिळतो, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. अविवा या ब्रिटिश विमा कंपनीने भारतातील आपली सेवा केंद्रे २००८ साली डब्ल्यूएनएसकडे सोपविली. मुंबई व पुण्याबरोबरच नाशिकसारख्या शहरातही हे काम पोहोचले. आपल्या महाविद्यालयांतील वाणिज्य व कला शाखांच्या अनेक पदवीधरांना पहिली नोकरी या केंद्रांनी दिली, हे नाकारता येत नाही.

४) भारतीय पार्श्वभूमी : संगणकविरोध ते सेवानिर्यात

जो देश पुढे जगाचे विमाविषयक कारकुनी काम करू लागला, त्याच देशात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडवा विरोध केला होता. १९ जानेवारी १९५६ च्या अध्यादेशाने आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा चिंतामणराव देशमुख हे अर्थमंत्री होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि २४५ विमा कंपन्या व भविष्य निर्वाह संस्था त्यात विलीन झाल्या. साठच्या दशकात महामंडळाने संगणक बसविण्याचे ठरविताच कर्मचारी संघटनेने नोकऱ्या जातील या भीतीने आंदोलन छेडले. कलकत्त्यातील इलाको हाउस या इमारतीत यंत्र येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दिलेला पहारा कामगार चळवळीच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. या वादाच्या पार्श्वभूमीवर केंद्र शासनाने अर्थतज्ज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली स्वयंचलनविषयक समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ साली आला.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. महामंडळातील कारकुनाला संघटना होती, वेतनश्रेणी होती, निवृत्तिवेतनाची आशा होती आणि यंत्राला अडविण्याचे सामर्थ्यही होते. सेवानिर्यात केंद्रातील कर्मचाऱ्याला त्याच्याहून चांगली इमारत आणि आरंभी बरे वेतन मिळाले. परंतु त्याचा खरा मालक करारापलीकडे, दुसऱ्या देशात होता. तंत्रज्ञान येऊ द्यावे की नाही, हा प्रश्न मागे पडला आणि तंत्रज्ञान आपल्या हाताला काम देते तोवर ते टिकेल काय, हा प्रश्न पुढे आला.

५) आभासी सहायकाचा उदय

आरंभी समुद्रापार काम पाठविणे केवळ मोठ्या कंपन्यांनाच परवडत असे. दहा-पंधरा माणसांच्या एजन्सीला स्वतंत्र केंद्र उभारणे शक्य नव्हते. २००० नंतर हे चित्र पालटले. स्वस्त इंटरनेट, आंतरजालावर चालणाऱ्या एजन्सी प्रणाली आणि मुक्त व्यावसायिकांना काम मिळवून देणारी संकेतस्थळे यांमुळे एखादी व्यक्तीही दुसऱ्या देशातून नेमता येऊ लागली. ‘आभासी सहायक’ ही संज्ञा १९९० च्या दशकात मुख्यतः अमेरिकेत घरून काम करणाऱ्या सचिवांसाठी वापरली जात असे. टिमोथी फेरिस यांच्या २००७ सालच्या लोकप्रिय पुस्तकाने भारतासारख्या देशांतील सहायक नेमण्याची कल्पना लहान व्यावसायिकांपर्यंत नेली. फिलिपाइन्समध्ये १९९५ च्या आर्थिक क्षेत्रविषयक कायद्याने परकीय कंपन्यांना सवलती मिळाल्या होत्या. इंग्रजीचा प्रसार आणि अमेरिकन रीतिरिवाजांचा परिचय यांमुळे दूरध्वनीवरील कामात हा देश आघाडीवर आला.

एजन्सीतील आभासी सहायक कोणती कामे करतो? विमा कंपनीकडून आलेले विमापत्र मूळ प्रस्तावाशी ताडून पाहणे, नूतनीकरणाच्या तारखांची यादी करणे, पत्ता अथवा वाहन बदलल्यास दुरुस्तीची विनंती पाठविणे, बांधकाम कंत्राटदारास लागणारे विमा प्रमाणपत्र तयार करणे, थकलेल्या हप्त्याची आठवण देणे, अशी ही कामे आहेत. ती वरवर यांत्रिक वाटतात. तथापि त्यांतील एका चुकीची किंमत मोठी असते. विमापत्रातून एखादी इमारत अनवधानाने वगळली गेली आणि ते तपासणाऱ्याच्या ध्यानात आले नाही, तर आग लागल्यानंतरच ती चूक उघड होते. त्या वेळी दाव्याला उत्तर देण्याची जबाबदारी प्रथम एजन्सीवर येते.

६) कायद्याने आखलेली रेषा

कोणते काम दूर पाठविता येते, हे ठरविण्यात तंत्रज्ञानाइतकाच कायद्याचाही वाटा आहे. १९४५ च्या मॅकॅरन–फर्ग्युसन कायद्यान्वये अमेरिकेत विम्याचे नियमन प्रामुख्याने राज्यांकडे राहिले. १९९९ च्या ग्रॅम–लीच–ब्लायली कायद्याने ग्राहकांच्या खासगी माहितीच्या रक्षणाचे दायित्व वित्तसंस्थांवर टाकले आणि परवान्यांच्या नियमांत एकसूत्रता आणण्यासाठी राज्यांवर दबावही आणला. त्यानंतर राज्यांच्या विमा आयुक्तांच्या संघटनेने २००० साली केलेल्या नमुना कायद्यानुसार विमा विकणे, त्यासाठी ग्राहकास गळ घालणे आणि अटींविषयी वाटाघाटी करणे या तीन कृतींसाठी परवाना आवश्यक ठरला. केवळ कारकुनी वा प्रशासकीय काम करणाऱ्या आणि विमापत्रावर कमिशन न घेणाऱ्या कर्मचाऱ्यास परवान्यातून सूट मिळाली.

आभासी सहायक या सुटीच्या जागेत उभा आहे. परंतु ही रेषा कागदावर जितकी स्पष्ट दिसते तितकी दूरध्वनीवर राहत नाही. ‘हे विमापत्र माझ्या तळघरातील पाण्याची नुकसानी भरून देईल काय?’ असे ग्राहकाने विचारले, तर त्याचे उत्तर ही माहिती की सल्ला? परवानाधारक प्रतिनिधीकडे दूरध्वनी जोडून देणे हेच सुरक्षित उत्तर होय. पण प्रत्यक्ष कामाच्या घाईत ते नेहमी पाळले जाईलच, असे म्हणता येत नाही.

भारतातील नियमनातही असाच भेद आढळतो. भारतीय विमा कंपन्यांनी बाहेर सोपवावयाच्या कामांविषयी नियामक प्राधिकरणाने २०१७ साली केलेल्या विनियमांत जोखीम स्वीकारण्याचे व दावे मंजूर करण्याचे निर्णय बाहेर देण्यास मनाई करण्यात आली. प्रक्रियात्मक कामास मात्र मुभा राहिली. निर्णय व लेखन यांची एकोणिसाव्या शतकातील फारकत अशा प्रकारे दोन्ही देशांच्या कायद्यांत स्थिरावली.

माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. २००५ साली पुण्यातील एका सेवा केंद्रातील कर्मचाऱ्यांनी अमेरिकन बँकग्राहकांच्या खात्यांतून रक्कम काढल्याचे प्रकरण गाजले. पुढे माहिती तंत्रज्ञान अधिनियमात २००८ साली दुरुस्ती करून संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या कंपन्यांवर नुकसानभरपाईचे दायित्व टाकण्यात आले. न्यूयॉर्क राज्याच्या २०१७ च्या सायबर सुरक्षा नियमांनी तर बाहेरच्या सेवादात्यांवर देखरेख ठेवणे परवानाधारकांना बंधनकारक केले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने परदेशस्थ व्यक्तींच्या माहितीवर परकीय कराराखाली होणाऱ्या प्रक्रियेस अनेक तरतुदींतून सूट दिली. सुरक्षेची वाजवी खबरदारी घेण्याचे बंधन मात्र कायम ठेवले. सेवानिर्यातीचे हित कायद्याच्या रचनेत किती खोलवर गेले आहे, याचे हे द्योतक आहे.

७) दूर बसलेल्या व्यक्तीचे स्थान

न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात ऋतुमानानुसार सायंकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. म्हणजे अमेरिकन एजन्सीचा कामाचा दिवस ही भारतीय सहायकाची रात्र असते. मोठ्या केंद्रांत रात्रपाळीसाठी वाहन, सुरक्षारक्षक व उपाहारगृह यांची व्यवस्था करावी लागे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रियांना त्यांच्या संमतीने व योग्य संरक्षणाच्या अटीवर रात्री काम करण्याची मुभा दिली. परंतु स्वतःच्या घरी बसून थेट परदेशी एजन्सीचे काम करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ‘आस्थापना’ कोठे आहे, हाच प्रश्न निर्माण होतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीने मोठ्या केंद्रांचे कामही घरांत नेले. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने अशा सेवांवरील निर्बंध शिथिल केले आणि तात्पुरती व्यवस्था बऱ्याच अंशी स्थायी झाली.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ‘गिग’ व ‘प्लॅटफॉर्म’ कामगारांची व्याख्या प्रथमच करण्यात आली, ही स्वागतार्ह बाब होय. तरीही ज्याचा मालक परकीय, कार्यालय आभासी आणि करार विदेशी कायद्याखालील आहे, अशा सहायकापर्यंत तिचा लाभ कसा पोहोचणार, हा प्रश्न उरतोच. त्यातच २०२२ च्या अखेरीपासून प्रसार पावलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींमुळे ‘आभासी सहायक’ ही संज्ञा आता यंत्रालाही लावली जाते. काम साच्यात बसविले म्हणून ते माणसाकडून माणसाकडे दूर जाऊ शकले. त्याच साच्यामुळे ते माणसाकडून यंत्राकडेही जाऊ शकते.

निष्कर्ष :

१) दूरस्थ आभासी सहायक ही इंटरनेटची आकस्मिक निर्मिती नव्हे. लेखन व निर्णय यांची फारकत, कामाचे प्रमाणीकरण आणि स्वस्त सुशिक्षित श्रमांचा शोध या दीर्घ प्रक्रियेचा तो परिपाक आहे.

२) या कामाची सीमा कायद्याने आखली. परवान्याची आवश्यकता जेथे संपते तेथून स्थलांतराचा मार्ग सुरू होतो.

३) प्रत्येक टप्प्यावर ग्राहकाप्रति असलेले दायित्व एजन्सीकडेच राहिले, काम करणारी व्यक्ती मात्र अधिकाधिक अदृश्य होत गेली. लंडनच्या स्त्री कारकुनाला निदान स्वतंत्र दार होते. आजच्या सहायकाच्या वाट्याला पुष्कळदा परक्या प्रणालीतील एक वापरकर्ता क्रमांकच येतो.

४) भारतीय विमा कर्मचाऱ्यांचा संगणकविरोध हा केवळ प्रगतीचा विरोध म्हणून निकालात काढणे योग्य नाही. कामाच्या साच्यावर कोणाचे नियंत्रण असावे, हा त्यांचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

५) वाणिज्य शिक्षणाने या इतिहासाची दखल घेणे अगत्याचे आहे. नमुना अचूक भरणे हे कौशल्य विद्यार्थ्यास पहिली नोकरी मिळवून देईल. परंतु ते काम टिकेल याची शाश्वती नाही. विमापत्रातील अटींचा अर्थ लावणे, जोखमीचे मूल्यमापन करणे आणि आपल्या कराराचे स्वरूप ओळखणे यांचे शिक्षण मिळाले, तर तो परवान्याच्या रेषेपलीकडे जाऊ शकेल. पदवीधरास ती रेषा ओलांडण्याची पात्रता द्यावयाची की तिच्या अलीकडेच ठेवावयाचे, याचा निर्णय बाजारपेठेवर न सोडता अभ्यासमंडळांनीही घ्यावयास हवा.